लाइपझिगचा लाल गाऊन

कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरेला आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझं अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री आणि भिंतीला लावलेला उंच आरसा. कामं ठरलेली. पँटची लांबी कमी करायची, लेहंग्याची कंबर सैल करायची, विंटर जॅकेटची चेन बदलायची. निम्मी गिऱ्हाइकं पंजाबी, त्यांच्याशी हिंदीत बोलते. बाकीच्यांशी इंग्रजीत. मुलीशी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते.

नागपूरला माझे बाबा वकिलांचे काळे गाऊन शिवायचे. त्यांच्याच हाताखाली मी शिकले. पाठीवरच्या बारीक चुण्या एकसारख्या येईपर्यंत त्यांनी मला दुसरं काही शिवूच दिलं नव्हतं. लग्न होऊन कॅनडात आले आणि ती कला हातातच राहिली. वीस वर्षांत एकही वकील माझ्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एक ब्याऐंशी वर्षांच्या बाई आल्या. सोबत त्यांची नात होती, उंच, पंचविशी ओलांडलेली, हातात पुठ्ठ्याचा चपटा खोका धरलेली. बाईंनी खोका माझ्या टेबलावर ठेवायला लावला आणि स्वतः कागद बाजूला केले. आत लाल गाऊन होता. कुंकवाहून गडद, डाळिंबाच्या सालीहून उजळ. कापड अस्सल लोकरीचं, पुढच्या काठाला रेशमाची रुंद पट्टी. माझा हात आपोआप पाठीकडे गेला. चुण्या हाताच्या होत्या.

"हा काळा करून द्या," बाई म्हणाल्या.

"काळा?"

"रंगवून. हिला जूनमध्ये वकिलीची सनद मिळणार आहे. इथल्या कोर्टात काळाच चालतो."

मी सांगितलं की रंगवायचं काम मी करत नाही, ते करणारा माणूस वेगळा असतो. शिवाय रंगाच्या गरम पाण्यात हे जुनं कापड आटेल, रेशमावर रंग वेगळाच चढेल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तो माणूस तुम्ही शोधा. मी इथेच ठेवून जाते."

"आहे कोणाचा हा?"

"माझ्या वडिलांचा."

मी आल्याचा चहा टाकला. त्या दोघी कटिंग टेबलाशी स्टुलांवर बसल्या आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली.

त्यांचे वडील जर्मनीत वकील होते. तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय लाइपझिगला होतं आणि त्या कोर्टात उभं राहायचं तर वकिलाला वेगळी परवानगी मिळवावी लागे. सबंध देशातून अगदी मोजक्या लोकांना ती मिळायची. न्यायाधीश लाल गाऊन घालायचे, मखमलीच्या काठाचा. त्या मोजक्या वकिलांचाही लालच, पण काठ रेशमाचा. आणि एकदा का त्या कोर्टाच्या यादीत नाव लागलं, की दुसऱ्या कुठल्याही कोर्टात काम चालवायचं नाही.

"म्हणजे शेजाऱ्याचा कुंपणावरून तंटा झाला तरी?" मी विचारलं.

"तरी नाही. वडील म्हणायचे, सगळ्या लाइपझिगमध्ये माझ्याइतका निरुपयोगी शेजारी दुसरा नव्हता."

त्या हसल्या, आणि मीही. पण पुढचं सांगताना त्यांनी कप खाली ठेवला. देशात नवी राजवट आली आणि ज्यू वकिलांची नावं याद्यांतून काढून टाकली गेली. त्यांच्या वडिलांचंही गेलं. त्या काळात कॅनडा अशा लोकांना सहजासहजी आत घेत नव्हता, पण शेती करतो म्हटलं तर दार जरा किलकिलं व्हायचं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा तो वकील बायकोला घेऊन इथल्याच फ्रेझर व्हॅलीत आला आणि त्यानं कोंबड्या पाळल्या. बाईंचा जन्म तिथलाच, वडिलांची पन्नाशी उलटल्यावरचा.

"चांगल्या पाळल्या का?" मी विचारलं.

"फार चांगल्या. जर्मनमध्ये परक्या माणसाला मान देऊन बोलतात ना, तसे ते कोंबड्यांशी बोलायचे. आयुष्यात कधी एका कोंबडीला त्यांनी 'तू' म्हटलं नाही."

युद्धानंतर जर्मनीचा पश्चिम भाग वेगळा झाला आणि तिथलं सर्वोच्च न्यायालय कार्ल्सरूहला उघडलं. तिथेही पुन्हा तीच पद्धत आली, मोजके वकील आणि लाल गाऊन. ती आजही आहे. एका जुन्या सहकाऱ्यानं पत्रातून ही बातमी कळवली तेव्हा वडिलांनी ती जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली आणि अंडी गोळा करायला निघून गेले. गाऊन अंगात घातलेला बाईंनी एकदाच पाहिला. पाचवीत असताना भाषणाच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या, त्या दिवशी वडील स्वयंपाकघरात गाऊन घालून उभे राहिले आणि मुलीला कमरेत वाकून अभिवादन केलं.

"असा गाऊन तुम्ही काळा करणार?" न राहवून मी म्हटलं.

"पेटीत ठेवून काय करू? अंगावर घालायची वस्तू आहे ती. कोणीतरी घालायलाच हवी."

निघताना बाई पुढे झाल्या आणि नात पायरीवर थांबली. हळूच म्हणाली, "मला तो काळा नकोय. पण आजीला नाही म्हणवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी शाळेला गेल्यावर मी गाऊन उलटा करून आरशाजवळच्या उजेडात टांगला. कुठलंही जुनं काम आलं की मी आधी आतून बघते. बाबांची सवय. शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. गिऱ्हाईक जाड झालं की तीच उपयोगी पडते. या गाऊनच्या दोन्ही बगलांतली माया पार संपलेली होती, इतका तो सैल केला होता. तो सैल करणारा दोरा मूळच्या रेशमी दोऱ्याहून जाडा होता. खालची दुमड दोनदा बदललेली. शेवटची दुमड चांगली वीतभर, आणि ती तिसऱ्याच कोणाच्या हातची, घाईची तुरपाई. एका माणसासाठी इतक्या उलट्यासुलट्या दुरुस्त्या कोणी करत नाही.

कॉलरच्या आत एक पट्टी टाचलेली होती. एका टोकाला ती उसवलेलीच होती, मी सुईनं थोडी वर केली. खाली शाईनं लिहिलेली तीन नावं होती, एकाखाली एक. वरची दोन मला वाचता येईनात. तिसऱ्याचं आडनाव मात्र ओळखीचं होतं. बाईंनी माझ्या पावतीपुस्तकात तेच लिहिलं होतं.

मी लगेच फोन केला. बाई नदीपल्याड बर्नाबीला राहायच्या. मला वाटलं, नातीला सुट्टी असेल त्या दिवशी येतील. दीड तासात स्कायट्रेन आणि बस करून त्या एकट्याच दारात उभ्या.

चष्मा वर करून त्यांनी कॉलर डोळ्यांजवळ नेली. मग मधल्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "यांचा फोटो आमच्या घरात होता. वडिलांचे सीनियर. आम्ही मुलं त्यांना जर्मनीतले आजोबा म्हणायचो. पण गाऊन त्यांचा होता हे वडील कधीच बोलले नाहीत."

"जाड होते का ते?"

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

मी बगलेची शिवण दाखवली. मग एकेक करून सगळंच दाखवलं. पहिला माणूस उंच आणि सडसडीत. दुसरा रुंद. तिसरा बुटका, म्हणून खाली एवढी दुमड.

"माझे वडील माझ्याएवढेच होते," बाई म्हणाल्या आणि गाऊन अंगाला लावून आरशासमोर उभ्या राहिल्या. दुमड बरोबर त्यांच्या घोट्यावर आली. फोटोतले जर्मनीतले आजोबा इतके जाड होते, की त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको अर्धीच दिसायची, असं सांगून त्या इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

शनिवारी नातही आली. तिनं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून एक पुस्तक मागवलं होतं. लाइपझिगच्या त्या कोर्टात परवानगी मिळालेल्या वकिलांची त्यात यादी होती, कोर्ट उघडलं तेव्हापासून बंद पडलं तोपर्यंतची. आम्ही तिघी कटिंग टेबलावर वाकलो. मला जर्मन येत नाही, मी नुसती अक्षरांच्या आकारावरून शोधत होते, आणि पहिलं नाव मलाच सापडलं! तो उंच माणूस कोर्ट उघडलं तेव्हाच्या पहिल्या तुकडीतला निघाला. पुढे बऱ्याच पानांनंतर जाड आजोबा सापडले, त्याच उंच माणसाच्या ऑफिसात काम शिकलेले. आणि त्यांच्या पुढे बाईंचे वडील. नात तिथल्या ओळी इंग्रजीत सांगत गेली. कधी परवानगी मिळाली ते, आणि त्यापुढे, नाव कमी केलं. तेवढं वाचून ती थांबली. बाईंनी तिचा हात धरला.

वर फ्रीजमधून ज्यूस घेणारी माझी मुलगी कधी खाली उतरून मागे उभी राहिली होती, मला कळलंच नाही. "आई, धिस इज अ‍ॅक्चुअली कूल," ती म्हणाली. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून माझ्या कामाबद्दल हे ऐकायला मिळालं, तर दिवस सत्कारणी लागला म्हणायचा.

बाईंनी पुस्तक मिटलं. "या गाऊनमध्ये तीन माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "मी एकाचाच समजत होते. काळा करायचा नाही."

नातीनं एवढा मोठा श्वास सोडला, की आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मीही कबूल करून टाकलं. "मी रंगवणाऱ्याला फोनच केला नव्हता."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "पण मग हिनं काय घालायचं?"

"मी शिवते."

तोंडून निघून गेलं तेव्हा मला जरा भीती वाटली. वीस वर्षांत हात लावला नव्हता. इथल्या गाऊनची बाही कशी असते हेही मला नीट ठाऊक नव्हतं. नातीनं तिच्या एका वकील मैत्रिणीचा गाऊन दोन दिवस उसना आणला, मी तो बघून कागदावर बेतला. खांद्यांचा बेत मात्र लाल गाऊनवरून घेतला, कारण तसे खांदे आता कोणी कापत नाही. काळी बारीक लोकर आणली. पाठीच्या चुण्या घालायला बसले आणि पहिल्या दोन ओळी उसवाव्या लागल्या. तिसऱ्या ओळीला बोटांना आठवलं. मग थांबावंसंच वाटेना. मुलगी इस्त्रीला बसली, नवरा वरून जेवायला हाका मारत राहिला, आणि मी नागपूरच्या दुकानात बाबा गुणगुणायचे तसं काहीतरी गुणगुणत होते.

बगलांत मी भरपूर माया सोडली. नातीनं विचारलं, "एवढी कशाला?"

"अजून तुला चाळीस वर्षं वकिली करायची आहे. जेवशील की नाही?"

तिचीही एक मागणी होती. कॉलरच्या आत पट्टी लावायची, तिच्यावर तिचं नाव, आणि खाली जागा कोरी सोडायची. मी तिचं नाव लाल दोऱ्यानं भरलं. जागा बरीच सोडली.

जूनमध्ये सनद द्यायचा समारंभ व्हँकुव्हरच्या कोर्टात होता. उतरत्या काचेच्या छताची ती इमारत मी नुसती बाहेरून पाहिली होती. मी टसरची साडी नेसले. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर लाल गाऊनची घडी. सगळे नवे वकील काळ्या गाऊनमध्ये रांगेनं उभे होते आणि मी, खोटं कशाला बोलू, फक्त पाठी बघत होते. एकाच्याही चुण्या आमच्या नातीसारख्या पडल्या नव्हत्या. तिचं नाव पुकारलं. टाळ्या शेवटी वाजवा असं सांगितलेलं असूनही बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीश बाई किंचित हसल्या. नात टेबलाशी गेली आणि वकिलांच्या पटावर तिनं सही केली.

बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या घरातलं नाव परत एका यादीत आलं." त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र लहान मुलीसारखा फुलला होता.

संध्याकाळी दोघी आमच्याकडे जेवायला आल्या. मी पाटवडीचा रस्सा केला होता. नागपूरचं तिखट त्यांना सोसेल की नाही म्हणून बाजूला दही ठेवलं. बाईंचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, दह्याला त्यांनी हात लावला नाही आणि दोनदा रस्सा मागून घेतला. माझ्या नवऱ्याला त्यांनी लाइपझिगची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. त्यानं ती माझ्याकडून चारदा ऐकली होती, तरी तो "अरे वा" म्हणत राहिला.

सप्टेंबरमध्ये नात पुन्हा पायऱ्या उतरून आली. धापा टाकत होती, हातात काळा गाऊन. पहिल्यांदाच एकटीनं कोर्टात उभी राहिली होती आणि घाईत दाराच्या मुठीला अडकून बाही फाटली होती.

मी बाही मशीनवर घेतली. "बाकी कसं झालं? जिंकलीस?"

"नाही हो," ती म्हणाली. "दोन मिनिटांत संपलं. पुढची तारीख दिली."

मला इतकं हसू आलं की टीप वाकडी गेली. नागपूरच्या कोर्टाची सगळी गंमत मी तिला मराठीतच सांगत सुटले, आणि एक अक्षर न कळताही ती माझ्याबरोबर हसत होती.