निर्माल्य कोणी निवडायचं

नवरात्रानंतरचा दुसरा रविवार, सकाळी नऊ. कॉलेजच्या मागचं अंगण. हजर: मी (गटाची प्राध्यापिका), काटोलहून पहिल्या बसने आलेला संत्रेवाल्याचा मुलगा (हिंदू), शायरीची आवड असलेली मुलगी (मुस्लिम), धंतोलीतल्या नर्सबाईंचा मुलगा (ख्रिश्चन), जरीपटका वस्तीतली मुलगी (बौद्ध). गैरहजर: कोणी नाही.

नोंद मी अशीच ठेवते. आमच्या सर्वधर्मीय पर्यावरण गटाचं काम सोपं आहे. मंदिर, दर्गा, चर्च, विहार इथं वाहिलेली फुलं पोत्यांत आणून त्यांचं खत करायचं, आणि आपल्या धर्मात माती-पाणी-झाडांबद्दल काय सांगितलंय ते प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं. जरीपटक्याच्या मुलीने मला आठवडाभर आधीच गाठलं होतं.

"मॅडम, पाच मिनिटांत नाही जमत. मले दहा देता का?"

मी यादीत तिच्यापुढे 'दहा' लिहिलं.

त्या सकाळी कामं वाचून दाखवली. काटोलकराने फलक लावायचे, शायर मुलीने सूत्रसंचालन करायचं, नर्सबाईंच्या मुलाने माईक आणि फोटो बघायचे. जरीपटक्याच्या मुलीने पोती उपसून कुजलेल्या फुलांतून सुतळ्या, प्लास्टिक, केळ्याच्या साली वेगळ्या करायच्या. यादी मागच्या वर्षीचीच होती, फक्त नावं बदलली होती.

"मागच्या वर्षी माह्या दादाकडं पण हेच होतं," ती हसत म्हणाली. "हे आमच्याकडंच काहून येऊन राहिलं, मॅडम?"

मी कागदावरून मान वर न करता म्हटलं, "मग काय, घरचाच अनुभव आहे."

सगळे हसले. "चाल वं एक्सपर्ट, लाग कामाले," काटोलकर म्हणाला. तीही थोडी हसली, ओढणी कमरेला खोचली आणि पोत्यांकडे गेली.

अकराला प्राचार्य आले. त्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून मी भाषणं सुरू केली. तिघं बोलले. प्राचार्य उठले, टाळ्या झाल्या, फोटो झाला. त्यानंतर ती आली, कोपरापर्यंत ओले हात लांब धरून. काखेतल्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये दोन पानं होती.

"माह्यं राहिलं का, मॅडम?"

"सरांना जायचं होतं गं. पुढच्या वेळी पहिला नंबर तुझा."

"बरं," म्हणाली आणि फाईल पिशवीत टाकली. त्या दोन पानांत काय होतं ते मला माहीत नाही. खताच्या खड्ड्यात मात्र एक दोराही सापडला नाही.

सोमवारी अहवाल लिहायला बसले. 'चारही धर्मांच्या विद्यार्थ्यांनी विचार मांडले' असं टाईप केलं आणि थांबले. मग जुन्या याद्या काढल्या. मागच्या वर्षी पोत्यांपुढे तिचा भाऊ. त्याआधी विहाराजवळच्या वस्तीतला एक मुलगा. त्याच्याही आधी तिथलीच एक मुलगी. मी हे ठरवून केलं नव्हतं, असं बराच वेळ स्वतःला सांगून पाहिलं. त्याने बरं वाटेना. आमच्या शेतकरी घरात कोणती घाण कोणी उचलायची हे कधी कोणी बोलून दाखवत नसे, तरी सगळ्यांना माहीत असे. मलाही होतं. माझ्या हाताने ते व्यवस्थित तक्त्यात मांडलं होतं, आणि वर मी विनोद केला होता.

मंगळवारी ती आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडली. मी फोन केला. "काही नाही मॅडम, प्रॅक्टिकल आहेत," ती म्हणाली. मी अभ्यासाची चौकशी केली आणि फोन ठेवला. माफीचा शब्द जिभेवर होता, तो तिथंच राहिला.

मग मी त्याहून सोपा रस्ता शोधला. शायर मुलीला म्हटलं, "तिला सांग, मॅडमना वाईट वाटलं म्हणून."

शायर मुलीने वही मिटली. "मॅडम, हसलो तर सगळ्यांसमोर होतो," ती म्हणाली. "मी पण हसली."

अहवालात 'चारही'च्या जागी 'तीन' केलं. कामवाटपाची जुनी यादी फाडली. माफी मात्र त्या चौघांसमोर, त्याच अंगणात मागायला हवी. त्यासाठी ती आली पाहिजे, आणि तिला बोलावणं फोनवरून धाडून चालायचं नाही. तिच्या घरी जाऊन, येशील का, एवढंच विचारायचं. ती नाही म्हणाली तर ते ऐकून परत यायचं.

दोन रविवार गेले. जरीपटक्याला जायचं राहिलं आहे.