सहा फूट चार इंचांचा सौदा

साउथहॅम्प्टनला आमच्या हॉस्पिटलची एक बास्केटबॉल टीम आहे. रविवारी सकाळी लेझर सेंटरमध्ये सहा टीम्सची हौशी लीग चालते. आमचा कॅप्टन मी. वय पन्नाशीकडे झुकलंय, पण अंगातली खुमखुमी काही जात नाही. सीझनच्या मध्यावर दोन कॅप्टन राजी असतील तर एकेका खेळाडूची अदलाबदल करता येते. त्याला ट्रेड म्हणतात. गेल्या वर्षी मी तो केला.

बंदरावर क्रेन चालवणाऱ्यांच्या टीममध्ये एक सहा फूट चार इंचांचा गडी होता. नुसता हात वर केला की बॉल त्याचाच. त्याच्या बदल्यात मी माझा मित्र दिला. नागपूरला मेडिकलच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलो, इथल्या पहिल्या हिवाळ्यात एकच हीटर दोघांच्या पायाशी ठेवून परीक्षांचा अभ्यास केला. टीममध्ये बॉल खेळवायचं, पास द्यायचं काम त्याचं. पण त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

क्रेनवाल्याला मी तीनदा विचारलं. कॉफी पाजली, "मनापासून सांग, चालेल ना तुला?" म्हटलं. आणि मित्राला? त्याला विचारलंच नाही. आपल्याकडे पाहुण्याला दहादा विचारतात, अजून एक पोळी घ्या म्हणून. घरच्याला कोण विचारतं? त्याला मी मेसेज टाकला, "अबे, पुढच्या रविवारपासून तू बंदरवाल्यांकडे. नंतर बोलू." त्याचं उत्तर आलं, "बरं." मला वाटलं, चला, समजूतदार आहे. गाढव कुठला! मी, तो नव्हे.

पहिला महिना मी कॉलर ताठ करून फिरलो. रिंगवरून उडालेला प्रत्येक बॉल आमचा. "लुबाडलं आपण त्यांना," मी सगळ्यांना सांगत सुटलो. मग लक्षात यायला लागलं की बॉल मिळतोय, पण पुढे त्याचं काय करायचं ते कोणालाच कळत नाहीये. माझा डावा खांदा नीट वर जात नाही. मित्रानं इतक्या वर्षांत मला डावीकडे एकही पास दिला नव्हता, आणि मी आपला समजत होतो, मीच भारी झेलतो! आता चारातले दोन पास माझ्या हातून निसटायचे. मॅच संपली की जो तो गाडीकडे पळायचा. पूर्वी कोणी हलत नसे, कारण मित्र पोह्यांचा मोठा डबा आणि त्यावर ओतायला थर्मासमधून झणझणीत तर्री आणायचा.

"उंची मोजलीस रे, बाकी काय मोजलंस?" टीममधली भूलतज्ज्ञ म्हणाली. पुण्याची बाई, शालजोडीतला देण्यात तिचा हात कोण धरणार?

चुकलोच होतो मी. कितीदा फोन हातात घेतला. पण मित्राला कसलं सॉरी म्हणायचं, त्याला परकं वाटेल, अशी सोयीची समजूत करून घेऊन खाली ठेवला. आणि तोही कधी काही बोलला नाही.

सीझनची शेवटची मॅच बंदरवाल्यांशीच होती. आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. क्रेनवाला भन्नाट खेळला. कागदावर सौदा फायद्याचाच ठरला म्हणा ना.

पलीकडच्या बाकावर डबा उघडला गेला. सगळे बंदरवाले मित्राभोवती जमले, तर्रीनं नाकं पुसत हसत होते. माझे पाय आपोआप तिकडे वळले. पूर्वी मी दिसलो की तो भरलेली प्लेट माझ्या हातात कोंबायचा आणि म्हणायचा, "गीळ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. छान हसला. रिकामी प्लेट उचलली आणि थांबला.

"घेणार का थोडे?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला विचारलं.