उस्मानभाईंची तिसरी चिठ्ठी

धावड्याचे उस्मानभाई लबाड आहेत, असं मी निघण्यापूर्वी चार घरांत सांगून आले होते. ते खोटं निघालं. चारही घरी जाऊन शब्द परत घेतला, पण तोवर तो पुढे गेला होता. म्हणून हे लिहावं लागतंय. शिकारी कुत्र्यासाठी तिकडे जाणाऱ्यांना वाटेची माहितीही होईल.

आमच्या मळ्यात हरणं हरभरा उभा राहू देत नाहीत. माझ्या कारवानी कुत्रीची दोन पिल्लं मी उस्मानभाईंकडे अर्धलीनं दिली होती. वाढवून तयार त्यांनी करायची, आधी मालकानं निवडायचं, उरलेलं पिल्लू त्यांचं. तीच त्यांची मजुरी. मुदत संपली आणि ‘अजून पंधरा दिवस’ अशी तिसरी चिठ्ठी आली. मी न कळवता निघाले.

मनमाडहून जालन्याची सकाळची गाडी धरावी. निजामच्या हद्दीत करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, ट्रंक उघडायला लावतात. हुज्जत घालू नये. पैसे जालन्यातच निजामी चलनात, हाली शिक्क्यात, बदलून घ्यावेत. मुक्कामाला धर्मशाळा बरी, अंथरूण आपलं न्यावं. दुसऱ्या दिवशी भोकरदनची मोटार भरल्याशिवाय हलेना. पुढच्या जागेचे जास्त पैसे मोजले. धूळ मात्र मागच्यांइतकीच खाल्ली. पुढे बैलगाडी.

गाडीवान म्हणाला, “उस्मानभाईकडं व्हय? कुत्र्याचं पिलू खांद्यावर घिऊन पिंपळगावच्या बाजारात हिंडून राह्यलेत ते.”

“कशाला?”

“त्यांनाच इचारा, बाई.”

गिऱ्हाईक शोधतोय, मी मनाशी म्हटलं.

अंगणात पाहते तर माझ्या पिल्लांतली तांबडी मेंढरांत झोपलेली आणि भुरी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी.

“शिकारी कुत्री करायला दिली होती, उस्मानभाई. मेंढपाळाची नव्हेत.”

“मेंढराची सवय लहानपणीच लागली पाह्यजे, बाई. न्हाई तर उद्या हरणामागं सुटायचं सोडून कुणाचं बकरं फाडंल. बाजार बी तसाच. माणसं, गाड्या, ढोल, समदं आत्ताच बघाया पाह्यजे.”

उत्तर तयार होतं. तयार उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

त्यांच्या बायकोनं, फातिमाबींनी, अंगणातच ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. जेवण झकास. जेवताना उस्मानभाई म्हणाले, “तांबडी घ्या, बाई. बिलकुल तयार हाय. भुरी अजून कच्ची.”

भुरी छातीनं रुंद, पायानं लांब. निवड माझी, आणि हा माणूस मला तिच्यापासून दूर ढकलतोय!

“कच्ची म्हणजे?”

“बंदुकीच्या बाराला. तिला ताप आल्ता, महिना वाया गेला. आमी थाळी वाजवून खाया घालतो आन् लांब बार काढतो. आठ-आठ दिवसांनी जवळ येतो. तांबडी धा पावलांवर आली. भुरी शंभरावरच हाय.”

“मग काढा इथं बार. बघू दे.”

“जल्दी नका करू. कान बिघडला तर जनमभर बिघडला.”

“बिघडेल, की खरं उघडं पडेल?”

ते उठून अंगणाबाहेर गेले. ठासणीची बंदूक भिंतीला टेकवलेली होती, संध्याकाळच्या सरावासाठी नुसती दारू भरलेली. बंदूक मला चालवता येते. फातिमाबी “बाई, नका!” म्हणेपर्यंत मी आभाळाकडे बार काढला होता.

तांबडीनं कान टवकारले आणि थाळीकडे पाहिलं. भुरी किंचाळत कुंपणातून पार झाली.

उस्मानभाईंनी तिला ओढ्यातून उचलून आणलं तेव्हा ती लघवीनं भिजली होती, तेही. फातिमाबी म्हणाल्या, “तापात ह्यांनी तिला रातभर मांडीवर घेतल्ती. आता तुमी तांबडी नेणार, आन् ही आमच्या पदरात.”

रीतीप्रमाणे तसंच व्हायचं होतं. निवड अजून माझीच होती. मी भुरी मागितली.

“बाई, ती आता कामाची न्हाई,” उस्मानभाई म्हणाले.

“माहीत आहे.”

परतीच्या गाडीत ती माझ्या पायांवर थरथरत होती. यंदाचाही हरभरा हरणं खातील. घरी भांडं पडलं तरी ती खाटेखाली शिरते.

धावड्यात झालेली देवघेव अशी: उस्मानभाईंकडे राहिली तांबडी, पूर्ण तयार, माझा तिच्यावर कसलाही हक्क नाही. मला मिळाली भुरी, तिच्या गळ्यातला लोकरीचा एक पट्टा, आणि पोचे आलेली एक पितळी थाळी. ती हळू वाजवली की भुरी अजून बाहेर येते.