लाल पाण्याचा हौद

खाणीत सुरुंग लावायची दारू बनवणाऱ्या कारखान्यात मी हौद राखतो. दारू धुतलेलं लाल पाणी त्यात येते. मागच्या नाल्यात हे पाणी वर्षानुवर्षं वाहिलं, तर तिथल्या मातीतले जिवाणू ते खायले शिकले. दारूतला नायट्रोजन तोडून खातात, असं प्रयोगशाळेतल्या मॅडमनं सांगितलं. ती माती हौदात टाकली. वरून मी रोज गुळाचं पाणी देतो. पाणी फिकं झालं की सोडायचं.

बायको माझ्याचसंगं कामाले होती. दर दसऱ्याले हौदाले बाहेरून झेंडू वाहे. यंदा पोळ्याआधी ती गेली. म्हटलं, दसऱ्याले आता आपणच पूजा करावी. हत्यारं घासून पूजतो तसा अख्खा हौद उपसला, ब्लीचिंग पावडरनं घासला, कुंकू लावलं.

पुन्हा भरलं ते पाणी आठ दिवस लालचं लाल. मॅडम वाकून पाहून म्हणाल्या, "भाऊ, सारे मारून टाकले तुम्ही. हौद भरला की हे पाणी गावच्या बोडीत उतरते."

नाला तर आता सिमेंटचा. जुनी माती एकाच जागी होती, हौदाजवळच्या आमच्या झोपडीच्या भिंतीले. बायकोनं नाल्याच्याच मातीनं लिंपली होती. खालची बाजू पाझरानं ओली राहते. ओल्यात जिवाणू जगले असतील, असं मॅडम म्हणाल्या. तिथीच तिची बोटं उमटून आहेत. चार बोटं, अंगठा नाई. ती गेल्यापासून मी तिथीच टेकून बसतो. कधी कधी पाठीले दाब लागते. कोणाले सांगितलं नाई. म्हातारा कामातून गेला म्हणतील.

मी वरची कोरडी माती खरवडून हौदात टाकली. काई झालं नाई. हौद भरायले दोन हात उरले. बोडीत गावाची गुरं पाणी पितात, पोरं डुंबतात.

खुरपी घेऊन भिंतीपुढं बसलो. म्हटलं, "काऊन पाहून राह्यली? तूच सांग, कुठून आणू?" जिवंतपणी एवढी गप्प कधी राह्यली नाई.

आधी करंगळी निघाली.

ती ओली माती हौदात टाकली, अन् बाराव्या दिवशी पाणी फिकं झालं. मॅडमनं काचेच्या नळीत धरून दाखवलं, सोडा म्हणाल्या. पाण्याची चावी मीच फिरवतो. त्या दिवशी चावी धरून भिंतीतल्या खड्ड्याकडं पाहत राह्यलो.

"काय झालं भाऊ?"

"काई नाई," म्हटलं, अन् फिरवली.