ऋषीचा डावा हात

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली आणि टाळताना कारणं मात्र भारदस्त दिली. कधी म्हणालो, जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं. कधी म्हणालो, आता आठवत नाही. मला पावशेर साखरेचा पुडा आणायचं आठवत नाही हे खरं, पण ही गोष्ट तपशिलासकट आठवते.

आमच्या घरातली पोरं सिनेमा बघून आली, की जेवताना मतं देतात. हिरो लाकडी होता, शेवट पटला नाही. मी खाली मान घालून जेवतो. सुनेला वाटतं मामंजींना सिनेमाचा तिटकारा आहे. तिटकारा नाही. मी तरुणपणी सिनेमावर एक मत दिलं होतं, ते गावभर झालं, आणि त्यानंतर मत द्यायची मला भीती वाटते, एवढंच.

कोल्हापुरात महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. तेव्हा आम्ही सिनेमा म्हणत नव्हतो, बायस्कोप म्हणायचो. फिरती कंपनी यायची, मैदानात तंबू ठोकायची आणि महिना दोन महिने राहायची. तंबूच्या मधोमध पडदा. पडद्यापुढं एका बाजूला खुर्च्या, बाकडी आणि मग जाजम. पडद्यामागं दुसरी बाजू. तिथं नुसती जमीन आणि दर निम्म्याहून कमी. खेळाआधी पडद्यावर बादलीनं पाणी मारायचे, म्हणजे चित्र मागच्या लोकांनाही दिसायचं. बोलपट नव्हते. पडद्याच्या कडेला छडी घेऊन एकजण उभा असे आणि अक्षरं वाचून गोष्ट सांगे. त्याचा आवाज दोन्हीकडं पोचायचा.

मी दरबारच्या दफ्तरात कारकून होतो. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, काळी टोपी, कोटाला चारी बटणं शाबूत. असा माणूस कुठं बसणार? खुर्चीवर. निदान मी सगळ्यांना तसं सांगायचो. बसायचो पडद्यामागं, उपरणं डोक्यावरून घेऊन, आणि खेळ संपता संपता सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर न्यायदान चालायचं. गवळी समोर म्हैस पिळायचा, पेल्यात फेस यायचा आणि तालमीतून घाम पुसत आलेली मंडळी मला विचारायची, “काय कारकून, कसा हुता बायस्कोप?”

मी पेला खाली ठेवायचो. घाई करायची नसते. मग म्हणायचो, “राणीचं मनगट बघितलं का? दोनशे जोर मारून आलीय.” तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे, त्यामुळं हा विनोद कधी शिळा झाला नाही. किंवा, “लढाई झकास. दोन्ही फौजांत तीच चौदा माणसं. मरून इकडनं उठायची आणि तिकडनं लढायला यायची.” तालीमवाले मांड्या थोपटून हसायचे. मला वाटायचं, कलेची जाण म्हणतात ती हीच.

मग कोल्हापुरातच एका कंपनीनं चित्र काढलं. आपल्या गावची माणसं पडद्यावर हलणार, याचा आनंद गावाला इतका झाला की गोष्ट कसली आहे हे कुणी विचारलंच नाही. त्यात राज्याभिषेकाचा देखावा होता आणि राजाला आशीर्वाद देणारा एक ऋषी होता. ऋषी आमच्या गल्लीतला निघाला.

गल्लीत एक पटवेकरी राहायचे. बायकांचे दागिने रेशमाच्या दोऱ्यात ओवून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पांढरी, छातीपर्यंत रुळणारी दाढी. कंपनीनं त्यांना घेतलं ते या दाढीसाठी. खोटी दाढी घामानं सुटायची, ही सुटणार नव्हती. मुसलमान माणूस ऋषी झाला, याचं गावात कुणाला काही वाटलं नाही. अडचण निघाली ती वेगळीच. चाचा डावखुरे होते.

नुसते डावखुरे नव्हे, उजव्या हाताला काही येतच नसावं इतके डावखुरे. कुणी पानविडा दिला तरी डावा हात पुढं. जेवताना घरच्यांनी आयुष्यभर टोकून टोकून उजवा हात लावलेला, बाकी सगळं डाव्यानं. आणि डाव्या हाताचा आशीर्वाद म्हणजे आपल्याकडं काय, हे सांगायला नको.

मग चाचांनी एक महिना सराव केला. दुकानात बसून स्वतःच्याच रेशमी गोफानं डावा हात कमरेला बांधून घ्यायचे आणि समोरून जाईल त्याला उजव्या हातानं आशीर्वाद द्यायचे. मी दफ्तरात जाताना मला रोज मिळायचा.

“कसा वाटला?” ते विचारायचे.

“चाचा, जरा हात थरथरतो.”

“ऋषी म्हातारा हाय की, बाबा. थरथरंलच.”

पुढच्या चित्रात त्यांना मोठं काम द्यायचं कंपनीनं कबूल केलं होतं. राजाच्या बापाचं. चाचा ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, एकदा सांगितलेल्यालाही.

चित्र लागलं. पहिल्या दिवशी चाचा कंपनीच्या बाकावर, नवा फेटा बांधून. मी माझ्या ठरलेल्या जागी, पडद्यामागं, उपरण्यात. राज्याभिषेक आला. दाढी आली, दाढीमागून चाचा आले. आणि ऋषींनी हात उचलला, तो सरळ डावा.

पडद्यावरची अक्षरं मला उलटी दिसत होती. ती उलटी आहेत हेही मला कळत होतं. दर खेळाला उलटी दिसायची. पण अक्षरं उलटी तर माणसंही उलटी, एवढं पुढचं पाऊल मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या डोक्यानं टाकलं नाही. शिवाय चाचा डावखुरे हे ठाऊक होतंच. जे ठाऊक असतं तेच डोळ्यांना दिसतं.

सकाळी कट्ट्यावर मी पेला खाली ठेवला.

“आपल्या ऋषीनं राजाला डाव्या हातानं आशीर्वाद दिला. आता बघा ते राज्य किती दिवस टिकतंय.”

“आरं तिच्या! डाव्यानं?” एक पैलवान म्हणाला.

“खुर्चीवर बसून बघितलंय. दहा हातांवर.”

 मग दुसरा म्हणाला, “व्हय की. मीबी बघितलं. डावाच हुता.” तिसरा म्हणाला, “मला तवाच खटकलंतं.” सगळ्यांनी डावाच बघितला होता. तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याचा अर्थ मला पुढं कळला. कट्ट्यावरचे आम्ही सगळे खुर्चीवाले एकाच जमिनीवर, एकाच अंधारात, एकमेकांना चुकवत बसत होतो.

दोन दिवसांत ते तंबूत पोचलं. राज्याभिषेक आला, की पडद्यामागून हसू फुटायचं आणि पुढचे लोक कशाला हसायचं ते न विचारता हसायचे. कोल्हापूरचा माणूस हसण्यात मागं राहत नाही. आरोळ्या यायच्या, “चाचा, उजवा कुठं गहाण टाकलासा?” गल्लीत पोरं दुकानापुढून जाताना डावा हात वर करून “आयुष्मान भव” म्हणायची.

आठवड्याभरानं आमच्या दफ्तरातल्या वरिष्ठांना कंपनीचे फुकट पास मिळाले आणि त्यातला एक त्यांनी मला दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी बायस्कोपला खुर्चीवर बसलो. अक्षरं सुलटी होती. राज्याभिषेक आला. चाचांनी उजवा हात उचलला. स्वच्छ उजवा. थोडा थरथरणारा. डावा कमरेशी असा घट्ट धरलेला की जणू अजून गोफानं बांधलाय.

पडद्यामागून हसू आलं. वरिष्ठ माझ्याकडं वळून म्हणाले, “यात हसण्यासारखं काय आहे हो?” त्यांना खरंच कळत नव्हतं, कारण त्यांनी कट्ट्यावरचं दूध कधी प्यायलं नव्हतं.

आणि मी हसलो. सगळे हसत होते म्हणून. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चाचा घरी आले. मी पाणी दिलं. त्यांनी ते उजव्या हातानं घेतलं आणि थोडं दाढीवर सांडलं.

“बाबा, तू खुर्चीवर असतोस,” ते म्हणाले. “जवळनं बघितलंस. खरं सांग, हात कुठला हुता?”

मी म्हणालो, “चाचा, लोक काय, बोलायचेच.”

“लोकांचं न्हाय इचारत. तुझं इचारतोय.”

मी पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसलो. ते स्वतःच पुढं बोलले. “कंपनीचा मॅनेजर म्हणतो, दुसऱ्या चित्रात तुमास्नी घेतलं तर लोक राजाच्या बापालाबी हसत्याल. उद्या सकाळी तो कट्ट्यावर येणार हाय. लोक काय म्हंत्यात ते ऐकाय. तिथं तुझं ऐकत्यात. तू एवढंच म्हण, हात उजवा हुता. बस्स. पुढचं मी बघतो.”

“बघतो,” मी म्हणालो.

आपल्या भाषेत “बघतो” हा फार सोयीचा शब्द आहे. होही नाही, नाहीही नाही, आणि समोरचा माणूस आभार मानून जातो. चाचा आभार मानून गेले.

सकाळी मॅनेजर खरंच आला. परगावचा माणूस, बूट घातलेला, म्हशीपासून अंतर राखून उभा. त्यानं गवळ्याला दूध मागितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हात उजवा होता हे मला माहीत आहे. चित्र मीच काढलंय. मला फक्त हे हसू थांबवायचंय. तुमच्यातलं कुणी सांगेल का?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एरवी मला ते फार आवडायचं.

मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. पण ते बोललो तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुला डावा कसा दिसला? आणि पडद्यामागं बसणाऱ्यालाच तो तसा दिसतो, हे मॅनेजरनं दूध संपायच्या आत समजावून सांगितलं असतं. गावातल्या खुर्चीवाल्या कारकुनाची जमीन सगळ्यांना दिसली असती.

मी पेला खाली ठेवला. घाई केली नाही.

“चाचा सज्जन गृहस्थ आहेत,” मी म्हणालो. “हाताचं काय, त्या दिवशी उजेड नीट नव्हता. पण खरं विचाराल तर राजाच्या बापाला थोडा रुबाब लागतो.”

पैलवान हसले. मॅनेजरनं दूध अर्धं ठेवलं आणि गेला. राजाचा बाप दुसऱ्या कुणी केला, खोटी दाढी लावून. ती शेवटच्या देखाव्यात एका बाजूनं सुटलेली दिसते. त्यावर मी मत दिलं नाही.

चाचा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि कदाचित भांडणात खरं बाहेर पडलं असतं. ते पूर्वीसारखंच “काय बाबा, निघालास का?” म्हणायचे. मीच दुसऱ्या गल्लीनं दफ्तरात जाऊ लागलो. ती वाट लांब होती, आणि मी घरी सांगितलं की चालणं प्रकृतीला चांगलं. वर्षभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि गडहिंग्लजला मेव्हण्याकडं राहायला गेले. पोरं तिथवर जाऊन हात वर करणार नव्हती.

महाराज गेले. त्यानंतर काही वर्षांनी मला दफ्तराच्या कामानं गडहिंग्लजला जावं लागलं. बाजारच्या दिवशी मी त्यांचं तिथलं नवं दुकान विचारत विचारत गेलो. मनात वाक्य तयार होतं. सर्व्हिस मोटारीतून येताना सगळ्या वाटेनं तेच घोकत आलो होतो.

त्यांनी मला ओळखलं, गादीवर बसवलं, चहा मागवला. “पावणं आलंय कोल्हापूरचं,” म्हणून शेजारच्या दुकानदाराला सांगितलं. मग विचारलं, “बायस्कोपला जातोस का अजून?”

“जातो कधीमधी.”

“कसं असत्यात आताचे?”

“बरे असतात,” मी म्हणालो. “तुम्ही नाही बघत?”

“न्हाय. मी एकच बघितला. माझाच.” ते हसले आणि मान खाली घालून दोरा ओवू लागले.

शेजारचा दुकानदार उठून गेला होता. गिऱ्हाईक नव्हतं. कुणाचीही आडकाठी नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घरी आल्यावर मी स्वतःला सांगितलं होतं की बोलायला सवड मिळाली नाही. मी चहा प्यालो. चहा छान झालाय म्हणालो. गूळ कुठला वापरता, असंही विचारलं. मग गाडीची वेळ झाली म्हणालो, आणि ती अजून झाली नव्हती.

पुढं ते गेल्याचं कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून, असंच बोलता बोलता. तोवर मी त्यांना पत्र लिहायला बसलो होतो दोनदा. कारकुनाला पत्राचा मायना चांगला येतो. मायन्यापुढं गेलो नाही.

जे गादीवर बसून सांगायचं होतं ते एवढंच होतं. चाचा, तुमचा हात उजवा होता. मी पडद्यामागं बसलो होतो, आणि खरं कळल्यावरही तोंड उघडलं नाही, माझी खुर्ची जाईल म्हणून. तुमचं काम मी घालवलं. मला माफ करा.