बादलीभर जांभळा

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे बादलीमास्तर म्हणत. निवडणुकीचे नकाशे रंगवणं हे त्यांचं काम. संगणकात रंग ओतायचं एक बादलीचं चित्र असतं. ते मतदारसंघावर नेऊन टिचकी मारली की अख्खा मतदारसंघ जिंकणाऱ्याच्या रंगात बुडतो. हरणाऱ्याला पन्नास मतं कमी पडोत की पन्नास हजार, बादली तेवढीच.

मास्तरांचा स्वतःचा मतदारसंघ ऐसपैस पसरलेला, त्यातला अर्धा नुसता माळ. तिथे दर खेपेला जांभळे जिंकत आणि मास्तर आपल्याच हाताने आपल्या घरावर जांभळा ओतत. मत मात्र त्यांचं पिवळ्यांना. बायको होती तोवर निभावलं. निकालाच्या दिवशी दोघं दार लावून जांभळ्यांना मनसोक्त शिव्या घालत. "अख्ख्या गल्लीत आपण दोनच पिवळे," ती हसून म्हणायची. ती गेली आणि एकच उरला. चार वर्षं झाली होती. घरी आल्यावर तोंड उघडायचं ते फक्त जेवायला, असे दिवस मास्तर ढकलत होते.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी राहत. भला माणूस, तोही एकटाच. पण जांभळ्या गल्लीतला माणूस जांभळाच असणार, विकतचं दुखणं कोण घेईल? एकोणीस वर्षांत दोघांचं बोलणं नळाच्या पाण्यापुढे गेलं नाही.

यंदा कचेरीत नव्या संपादकबाई आल्या. म्हणाल्या, "मास्तर, बादली ठेवा बाजूला. मत माणूस देतो हो, माळरान नाही देत. प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे घ्या आणि पन्नास मतांमागे एक ठिपका द्या, ज्याच्या त्याच्या रंगाचा."

"बाई, हा नकाशा आहे की गोवर?" मास्तर कुरकुरले, पण बसले. ठिपके देत देत शुक्रवारी दुपारी ते आपल्या केंद्रावर पोचले. केंद्र म्हणजे त्यांची गल्ली आणि मागची एक. जांभळे तीनशे सतरा. पिवळे दोनशे एकोणनव्वद.

चष्मा पुसून त्यांनी आकडा पुन्हा वाचला. दोनशे एकोणनव्वद! तीनशेला धरून चांगले सहा ठिपके. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मास्तरांना हसू आलं, मग बायकोची आठवण आली. तिला हे कळायला हवं होतं. पाणी प्यायच्या निमित्ताने ते उठले आणि बराच वेळ नळापाशीच उभे राहिले.

नकाशाचा कागद घेऊन ते लवकर निघाले. आज घड्याळजींचं दार वाजवायचंच. जांभळे निघाले तर निघोत बापडे, चहा तर पाजतील.

दारात टेम्पो उभा होता. कपाट, गादी, घड्याळांची काचपेटी, सगळं चढलं होतं.

"निघालात?"

"घर विकलं, मास्तर. मुलीकडे चाललो. तिथे आपल्या विचाराची चार माणसं आहेत." घड्याळजींनी आवाज खाली आणला. "आता जाताजाता सांगायला काय हरकत? मी पिवळा."

"मीपण," मास्तर म्हणाले.

"थट्टा करताय गरिबाची? दर निवडणुकीला पेपरात तुम्हीच तर सगळा मुलूख जांभळा करता. मला वाटलं, हौसेनं करत असाल. मग तुमच्यापुढे मी तोंड कसं उघडणार?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांनी कागद पुढे करून ते सहा ठिपके बोटाने दाखवले. घड्याळजींनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं.

"यातला मी कुठला?"

"कुठलाही घ्या. त्यातच मीपण आहे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. "आधी सांगायचंत हो," असं म्हणत घड्याळजी टेम्पोत चढले.

टेम्पो वळेपर्यंत मास्तर उभे होते. पुढच्या निवडणुकीला दोनशे अठ्ठ्याऐंशी, त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. नकाशात ठिपके मात्र सहाच राहणार होते.