कुलपातला पियानो

आमच्या टीचर पियानोला कुलूप लावून पियानो शिकवायच्या. नागपूरच्या एका शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आपला जुना पियानो ट्रकवर चढवून पांढुर्ण्याला, वडिलांच्या घरी, राहायला आल्या. किल्ली पदराच्या गाठीत असे.

माझं सौंसरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून मी स्वतःला कलावंत समजू लागलो होतो. चाळिशीला टेकल्यावर खरा पियानो शिकायचं डोक्यात आलं. पहिल्या दिवशी टीचरनी कुलूप काढलं. वरातीतलं सगळ्यात झणझणीत गाणं मी दोन्ही हातांनी बडवलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

"वाजवता येते तुले," त्या म्हणाल्या, "पण काय वाजवून राहिला ते माहीत नाही. आधी थिअरीची परीक्षा पास हो. मंग पियानोले हात लाव."

कुलूप परत लागलं.

मग दर रविवारी मी बसनं पांढुर्ण्याला जाऊ लागलो आणि पाच रेघांच्या कागदावर काळे ठिपके काढू लागलो. टीचर तो कागद खिडकीशी नेऊन, पार नाकाला लावून तपासत. चूक सापडली की म्हणत, "तिले कुरवाळू नको बाबू, खोड." सप्तकातली अंतरं त्यांनी पाठ करून घेतली: दोन पूर्ण, एक अर्धं, तीन पूर्ण, एक अर्धं. दुकानात तेच पुटपुटत बसलो होतो. युरिया घ्यायला आलेला बोरगावचा शेतकरी घाबरून म्हणाला, "अर्धं पोतं नको भाऊ, पूर्णच द्या."

परीक्षा नागपूरला होती. केंद्राबाहेर एका बाईंनी आपुलकीनं विचारलं, "तुमचा मुलगा कोणत्या खोलीत आहे?"

"मीच बसून राहिलो परीक्षेले," मी म्हणालो. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आत माझे गुडघे बाकाखाली मावेनात. शेजारची दोन वेण्यांची मुलगी अर्ध्या वेळात पेपर देऊन गेली. ती पास झाली असणार. मी नापास झालो.

टीचर रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "लवकर पास हो रे. मले घाई आहे." मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल. तसं वाटायला जागाही होती.

दुसऱ्या खेपेला कसाबसा पास झालो. पेढे घेऊन गेलो. टीचरनी कुलूप काढलं. मी बाह्या सरसावल्या, तर पियानोपुढं त्या स्वतःच बसल्या आणि एक पिवळं पडलेलं पुस्तक माझ्या हाती दिलं.

"वाच."

"मी?"

"मले ठिपके दिसत नाहीत आता. डॉक्टर म्हणते, ऑपरेशननंही काही होणार नाही. हे पुस्तक शिकवण्याच्या धबडग्यात वाजवायचंच राहून गेलं. म्हणून घाई होती."

पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून मी एकेक स्वर वाचू लागलो. त्या ऐकत, मान हलवत, आणि चार-चार स्वर जोडून वाजवत. माझ्या अडखळत्या वाचनातून असं काही निघेल, यावर माझाच विश्वास बसेना. पियानोवादक व्हायला निघालो होतो, झालो वाचक. पण त्या खोलीत मला एकदाही कीबोर्ड आठवला नाही.

पुढं टीचरची भाची त्यांना भोपाळला घेऊन गेली. फ्लॅटच्या जिन्यातून पियानो चढेना, म्हणून तो एका शाळेला दिला. जाताना पुस्तक त्यांनी माझ्याकडंच ठेवलं. म्हणाल्या, "ते नेऊन मी काय करू? वाचणारा तर इथंच राहून राहिला."

आता रविवारी त्यांचा फोन येतो. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पुस्तक उघडतो आणि पुढची ओळ वाचतो. पलीकडून टकटक ऐकू येते. टीचर भाचीच्या जेवणाच्या टेबलावर वाजवत असतात. परवा एक स्वर मी चुकीचा वाचला, तर टकटक थांबली.

"नीट वाच बाबू," त्या म्हणाल्या, "बेसूर वाजून राहिलं."